उच्चारावयवांचे नियंत्रण : बालक व प्रौढ

बोलताना जबडा, ओठ व जीभ यांच्या हालचालींचा वेग, पल्ला आणि क्रम सांभाळण्याची क्षमता. बोबडे बोल हे तिच्या अपुऱ्या वाढीचे परिचित रूप. पण बोल स्पष्ट झाले म्हणजे वाढ पुरी झाली, असे नव्हे.

अवयव एकाच वेळी तयार होत नाहीत. जॉर्डन ग्रीन व सहकाऱ्यांनी (२०००) एक, दोन व सहा वर्षांची मुले आणि प्रौढ यांची तुलना केली. लहानग्यांचा जबडा प्रौढांसारखा हलताना दिसला; ओठ मात्र मागे होते. जबडा सांध्याने बांधलेला असतो, ओठांना हाडाचा आधार नसतो आणि जीभ तर बहुतांशी स्नायूंचीच. साधारण सातव्या महिन्याच्या सुमारास ऐकू येणाऱ्या ‘बाबाबा’मध्ये म्हणूनच मुख्य काम जबड्याचे असावे : तो वर आला की ओठ मिटतात, खाली गेला की स्वर फुटतो.

या लयीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. पीटर मॅकनीलेज यांच्या मते (१९९८) उत्क्रांतीत ती चघळणे, चोखणे या क्रियांतून आली. त्याआधीच मूर व रुआर्क यांना (१९९६) सुमारे सव्वा वर्षाच्या मुलांत बोलताना व चघळताना जबड्याच्या स्नायूंचा मेळ वेगवेगळा आढळला होता. पहिली मांडणी मानवजातीविषयी, दुसरे निरीक्षण व्यक्तीच्या वाढीविषयी; त्यामुळे एकाने दुसरे खोडले जात नाही. मात्र चघळण्याच्या सरावाने बोलणे सुधारते, ही समजूत या निरीक्षणापुढे लंगडी पडते.

ॲन स्मिथ व लिसा गॉफमन यांनी (१९९८) चार व सात वर्षांच्या मुलांकडून आणि तरुणांकडून ‘बाय बॉबी अ पपी’ हे इंग्रजी वाक्य पुनःपुन्हा म्हणवून घेतले. त्यातील ‘ब’, ‘प’मुळे खालच्या ओठाची चढउतार स्पष्ट दिसते. ओठाच्या हालचालीची प्रत्येक वेळची रेषा सारख्या लांबी-उंचीची करून एकमेकींवर ठेवली, की प्रौढांच्या रेषा जवळजवळ जुळतात; मुलांच्या फाकतात. ओठ व जबडा यांच्या हालचालींचा मेळ चौदाव्या वर्षापर्यंतही पुरता प्रौढ होत नाही, असे स्मिथ व झेलॅझनिक यांच्या पाहणीत (२००४) दिसले. मुलांच्या या अस्थिरतेत निव्वळ उणीव पाहणे घाईचे वाटते. वाढत्या तोंडाशी जुळवून घेण्यास लवचिकता लागतेच.

‘काका’चे ‘ताता’ होणे स्नायूंमुळे की ध्वनिव्यवस्था, म्हणजे भाषेतील ध्वनींमधले भेद, मनात न बसल्यामुळे, हे केवळ ऐकून ठरत नाही. उच्चारदोष असलेल्या काही मुलांत, टाळूवर बसवलेल्या संवेदकपट्टीवर जिभेचे टोक व मागचा भाग एकदमच टेकल्याची नोंद मिळते; म्हणजे ‘त’साठी टोक व ‘क’साठी मागचा भाग वेगवेगळा हलवणे त्यांना जमत नसावे.