आपटलेल्या घडाची खबर

रावेर किंवा यावल तालुक्यातल्या केळीच्या बागेत कापणीच्या सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तरी हे काम एकट्याचे नाही हे ध्यानात येते. कापणारा खोडावर बेताचा घाव घालतो, झाड घडाच्या भाराने हळूहळू वाकू लागते आणि खांद्यावर कापडाची जाड घडी टाकून उभा असलेला जोडीदार नेमक्या त्याच वेळी खाली सरकतो. वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर टेकला की, जोडीदाराच्या कानापासून हातभर अंतरावर दांड्यावर कोयता चालतो. घाव खोल गेला तर झाड एकदम कोसळते आणि जोडीदाराचे पाऊल चुकले तर घड जमिनीवर आपटतो.

हिरव्या केळीला बसलेला मार त्या वेळी फारसा दिसत नाही. मार बसतो तिथल्या पेशी फुटतात, एरवी पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉल वर्गातली द्रव्ये आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकमेकांत मिसळतात आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने काळपट रंगद्रव्य तयार होऊ लागते. डाग ठळक होतो तो केळी पिकल्यावर, म्हणजे ट्रक उत्तरेकडच्या एखाद्या बाजारात रिकामा झाल्यानंतर. कोणता घड आपटला हे कापणीच्या दिवशी त्या दोघांनाच ठाऊक असते. ‘आबा, हा घड आपटला’, असे त्यांनी मुकादमाला सांगितले तरच तो वेगळा काढता येतो. सहकाऱ्यांमधल्या चांगल्या संबंधांचा कामाच्या प्रतीशी नेमका काय संबंध, हे तपासायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिका १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या. ज्या गटात संबंध चांगले, तिथे औषधे देण्यातल्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त होती. बारकाईने पाहिल्यावर त्याचा उलगडा असा झाला की, या गटांत चुका जास्त होत होत्या असे मानण्यापेक्षा, झालेली चूक तिथे बोलून दाखवली जात होती असे मानणे अधिक सयुक्तिक होते. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांची पाहणी करून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. चूक कबूल केली, शंका विचारली किंवा मदत मागितली तरी आपला पाणउतारा होणार नाही, अशी गटातल्या सगळ्यांची खात्री, असा तिचा अर्थ. जिथे ही खात्री होती ते गट एकमेकांकडून अधिक शिकत आणि त्यातून त्यांचे कामही सुधारे. यात गोडीगुलाबीला फारसे स्थान नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दिवसभर हसतखेळत काम करणारी टोळीसुद्धा आपटलेला घड पाल्याखाली ढकलू शकते.

प्रेरणेच्या बाजूने एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. स्वतःच्या मर्जीने काही ठरवता येणे, काम जमते आहे असे वाटणे आणि माणसांशी आपलेपणा असणे, या तीन गरजा भागल्या की, माणूस हाकल्याशिवाय काम करतो, असे तो सांगतो.

मात्र आपलेपणा नेहमी उत्पादन वाढवतोच असे नाही, आणि व्यवस्थापनाच्या भाषणांत ही बाजू सहसा गाळली जाते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण झाले. त्यांची आपसात चांगली गट्टी होती, आणि त्या गट्टीनेच दिवसाला किती काम करायचे याची मर्यादा ठरवून टाकली होती. जो जास्त काम करी त्याच्या दंडावर गुद्दा बसे. केळीच्या टोळीला अधिक जवळचा अभ्यास ब्रिटनमधल्या एका फळबागेतला आहे. तिथल्या तोडणी कामगारांना तोडलेल्या मालाप्रमाणे मजुरी मिळे आणि कोण कोणाचा मित्र आहे याची नोंद तीन अर्थशास्त्रज्ञांनी केली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, आपल्याहून चलाख मित्र जवळ असला की कामगाराचा हात वेगाने चाले. पण मित्र संथ असला की तरबेज कामगारही सुमारे १० टक्के कमाईवर पाणी सोडून त्याच्या चालीने चाले. म्हणून जोड्या लावणाऱ्या मुकादमाला कोणाचे कोणाशी पटते याबरोबरच कोणाचा हात किती चालतो हेही पाहावे लागते.

संबंध बिघडतात कशाने, यावर ओडिशात झालेला एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी ३७८ मजुरांना तिघातिघांच्या गटांत सुमारे महिनाभर काम दिले. काही गटांत तिघांना सारखी मजुरी होती, तर काहींत थोडा फरक. जवळच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त मिळते हे कळले की, कमी मिळणाऱ्याचे उत्पादन घटे आणि हजेरीही १८ टक्के-अंकांनी खाली येई. खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडणार, हे माहीत असूनही माणसे घरी राहत. शेवटी या गटांना एकत्र खेळायला लावले, तेव्हा असमान मजुरीच्या गटांना आपसात सहकार्य करणे जड गेले. मात्र कोण किती काम करतो हे उघड दिसत असेल, तिथे मजुरीतल्या फरकाचा असा परिणाम आढळला नाही. म्हणजे फरकापेक्षा त्याचे कारण न दिसणे अधिक झोंबते.

अशा प्रयोगांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. ज्या कचेरीत मैत्री जास्त तिथे काम चांगले, असे नुसत्या पाहणीतून दिसले, तर मैत्रीमुळे काम सुधारले की, काम सुरळीत चालल्यामुळे माणसांचे आपसात पटू लागले, हे ठरवता येत नाही. मजुरीतला फरक संशोधकांनी स्वतःच ठरवला असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता, याबद्दल शंका उरत नाही.

मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा माल उन्हाआधी बागेबाहेर काढायची घाई असते आणि घाईत एखादा घड आपटतोच. ‘कोणी आपटला?’ असे मुकादमाने ओरडून विचारले, तर पुढचा आपटलेला घड त्याच्या कानावर येणार नाही. ‘कोणत्या बाजूने लागला?’ असे विचारले, तर तेवढ्या फण्या काढून जवळच्या बाजाराला लावता येतात. दुखावलेली केळी इथिलीन वायू अधिक सोडतात, आणि बंद ट्रकमध्ये तो वायू शेजारच्या धडधाकट घडांनाही वाटेतच पिकवायला लागतो.