प्लाझ्मा मशीनचे बिघाड आले कुठून

पावसाळा लागला की वाळूज, शेंद्रा, जालन्याकडच्या फॅब्रिकेशन शॉपमधून प्लाझ्मा मशीनबद्दल, म्हणजे विजेच्या आर्कने धातूची प्लेट कापणाऱ्या मशीनबद्दल, एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "सर, इलेक्ट्रोड टिकंनात. उन्हाळ्यात एक नग दिवसभर जायचा, आता दुपारच्या आत संपतोय." इलेक्ट्रोड म्हणजे ज्याच्यावरून आर्क पेटतो तो झिजणारा भाग. पाठोपाठ शंका येते की माल डुप्लिकेट आला असेल. कधीकधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा मशीन तेच, माल तोच आणि ऑपरेटरही तोच असतो. बदललेली असते ती हवा. आणि ही हवा मुळात टॉर्चमध्ये, म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या डोक्यात, का आली हे समजलं की बिघाड कुठून शोधायला घ्यायचा तेही समजतं. या मशीनचा जवळजवळ प्रत्येक नेहमीचा फॉल्ट कधीकाळी कुणीतरी सोडवलेल्या अडचणीच्या पोटातून निघालेला आहे.

गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळत नाही, ते ऑक्सिजनमध्ये जळतं. म्हणून एमएस (माइल्ड स्टील) प्लेट सुरेख कापली जाते, पण स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमपुढे गॅस हात टेकतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २०७२ अंशांपर्यंत तग धरतो. ही अडचण अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेज यांनी सोडवली. आपल्याकडे ज्याला अर्गॉन वेल्डिंग म्हणतात, त्याचाच आर्क त्यांनी तांब्याच्या नोझलच्या बारीक भोकातून दाबून बाहेर काढला. त्याचं पेटंट १९५७ साली मिळालं. दाबलेला आर्क वीस हजार अंशांच्या पुढे जातो आणि त्याची धार धातू वितळवून खाली उडवून देते. 'प्लाझ्मा' हा शब्द मात्र त्याआधीचा. आयनीभूत, म्हणजे वीज वाहणाऱ्या, वायूसाठी तो अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये वापरला होता.

म्हणजे सगळा खेळ त्या भोकाचा. भोक अंडाकृती झालं की धार तिरकी होते आणि कटला बेव्हल (तिरका उतार) येतो. इथे नवा ऑपरेटर एका गोष्टीला फसतो. आर्क स्थिर राहावा म्हणून स्वर्ल रिंग वायूला भोवऱ्यासारखं फिरवते, त्यामुळे कटची एक बाजू नेहमीच जास्त सरळ येते. नेहमीची स्वर्ल रिंग असेल, तर टॉर्च पुढे सरकते त्या दिशेने पाहताना ती उजवी बाजू. डावीकडचा थोडा उतार हा फॉल्ट नव्हेच. जॉब, म्हणजे हवा असलेला तुकडा, उजवीकडे राहील अशी कटिंगची दिशा बदलली की काम झालं.

पहिली मशीन अर्गॉन-हायड्रोजन किंवा नायट्रोजनवर चालत आणि इलेक्ट्रोड टंगस्टनचा असे. सिलिंडरचा खर्च मोठा. १९६० च्या दशकात साध्या दाबाच्या हवेवर कापायचे प्रयोग सुरू झाले आणि नवीन पेच पडला, कारण हवेतल्या ऑक्सिजनमध्ये तापलेलं टंगस्टन बघता बघता जळून जातं. आधी झिर्कोनियम वापरून पाहिलं गेलं, मग हाफ्नियम आलं. हे मूलद्रव्य १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडलं आणि त्या शहराच्या लॅटिन नावावरूनच त्याचं नाव पडलं. टंगस्टन ३४२२ अंशाला वितळतं, हाफ्नियम त्याच्या खूप आधी, २२३३ अंशाला. तरी ऑक्सिजनमध्ये टिकतं हाफ्नियमच, कारण त्याचा ऑक्साइड सहज वितळत नाही आणि वितळलेल्या धातूवर तो साय धरून बसतो. इलेक्ट्रोड हातात घेतला की तांब्याच्या टोकावर मधोमध जो करडा ठिपका दिसतो, तो हाच.

हाफ्नियम सर्वात जास्त झिजतं ते आर्क पेटताना आणि विझताना. त्यामुळे "किती तास चालला" याच्याबरोबर "किती वेळा पिअर्स केलं", म्हणजे नव्याने आर्क पेटवून प्लेटला भोक पाडलं, हेही विचारावं लागतं. शंभर छोटी भोकं पाडणारा इलेक्ट्रोड लांब पट्ट्या कापणाऱ्याच्या आधी संपणारच. हाफ्नियम झिजून पडलेला खड्डा एक ते दीड मिलिमीटर खोल गेला की नग बदलायचा. नेमका आकडा मेकरच्या पुस्तकात असतो.

आता पावसाळ्याचा हिशोब. ३० अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅमपर्यंत पाणी मावतं. मध्यम आकाराची एअर प्लाझ्मा टॉर्च मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा पिते, म्हणजे तासाला १२ घनमीटर. ऑगस्टमध्ये तासभर सलग कापलं तर ३०० ग्रॅमच्या आसपास पाणी कॉम्प्रेसर त्या हवेबरोबर आत ओढतो. दाब वाढला की त्यातलं बहुतेक पाणी थेंब होऊन टाकीत साचतं. टाकी रोज ड्रेन केली नाही, ड्रायर नाही, पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचा बाउल भरलेला, की तेच पाणी टॉर्चमध्ये जातं. मग आर्क फडफडतो, हाफ्नियम उडतं आणि नोझल काळं पडतं. तपासणी साधी आहे. मशीनच्या मागची नळी सोडायची, तोंड अंगापासून लांब धरायचं, हवा सोडून समोर स्वच्छ आरसा धरायचा. आरसा ओला झाला तर टॉर्च उघडायची गरजच नाही.

फॉल्टचं दुसरं मोठं घराणं ठिणगीचं. नोझलमधला वायू वीज वाहत नाही, म्हणून आधी हजारो व्होल्टची हाय फ्रिक्वेन्सी (एचएफ) ठिणगी टाकून वाट मोकळी करावी लागते. तिच्यातून पायलट आर्क, म्हणजे नोझलपुरता सुरुवातीचा छोटा आर्क, पेटतो. ही स्पार्क गॅपची सर्किट म्हणजे मार्कोनीच्या काळातला वायरलेस ट्रान्समीटरच. हाताने कापायचं होतं तोवर कुणाचं काही अडलं नाही. शेजारी सीएनसी (संगणकाने टॉर्च चालवणारे) कंट्रोलर आले आणि एचएफ त्यांच्या केबलमध्ये शिरू लागली : स्क्रीन गोठतो, प्रोग्राम मधेच थांबतो. इथे मातीचाही संबंध येतो. मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडा पडतो आणि एचएफला जमिनीत उतरायची वाट राहत नाही. पिटमध्ये नियमित पाणी घालणं हा म्हणून मेंटेनन्सचाच भाग आहे. आणखी एक घोळ असा की शॉपमध्ये अर्थिंगची पट्टी आणि प्लेटला लावायचा क्लॅम्प, दोन्हींना 'अर्थ'च म्हणतात. क्लॅम्प हा कटिंग करंटचा परतीचा रस्ता आहे. तो गंजलेल्या पत्र्यावर बसला तर पायलट पेटतो, पण आर्क प्लेटवर उतरत नाही.

१९८० च्या दशकात कॉन्टॅक्ट स्टार्ट टॉर्च आल्या. त्यात इलेक्ट्रोड नोझलला टेकलेला असतो आणि हवेचा दाब त्याला मागे ढकलतो, तेव्हाच आर्क पेटतो. एचएफ गेली, पण दाब कमी असला की इलेक्ट्रोड चिकटून बसणं हा नवा फॉल्ट आला.

मोठ्या अँपिअरच्या टॉर्चना पाण्याने थंड करावं लागतं आणि ते पाणी थेट विजेच्या भागांना लागून वाहतं. त्यामुळे त्यात क्षार चालत नाहीत. आपल्या बोअरचं पाणी किटलीत पांढरा थर धरतं, तेच कूलंटच्या टाकीत ओतलेलं मी पाहिलं आहे. तिथे एचएफ पाण्यातूनच गळत होती, आर्क पेटत नव्हता आणि आधीच्या मेकॅनिकने मशीनमधली दोन इलेक्ट्रॉनिक कार्डं बदलून ठेवली होती. आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणारे इन्व्हर्टर आल्यापासून पॉवर सोर्स हलके झाले. तिथे आपल्याकडची मुख्य दुखणी म्हणजे फेज जाणं आणि आत साचलेली लोखंडाची भुकटी.

सीएनसी टेबलवर टॉर्चची उंची व्होल्टवरून मोजली जाते : आर्क लांबला की व्होल्ट वाढतात, मोटर टॉर्च खाली घेते. गेल्या ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर ट्रॉली बनवणाऱ्या एका शॉपमधून फोन आला. "सर, हाइट कार्ड गेलंय वाटतं, टॉर्च प्लेटला घासायलीय." जाऊन पाहिलं तर इलेक्ट्रोडचा खड्डा दोन मिलिमीटरवर गेलेला. खड्ड्यामुळे आर्क आतून लांबला होता, व्होल्ट वाढले होते आणि कंट्रोलर इमानदारीने टॉर्च खाली आणत होता. कार्डाला हात न लावता कॉम्प्रेसरपाशी गेलो. टाकीखालचा कॉक गंजून घट्ट बसला होता. पाना लावून तो उघडला तेव्हा तांबडं पाणी निघायला लागलं आणि खाली ठेवलेली बादली भरली तरी थांबलं नव्हतं.