उजेडाला आवाज फुटला तो कसा

गोव्यात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की हणजूण-वागातोरचा ट्रान्सच आठवतो. त्यामुळे मंचावर टॉर्च आणि फिरत्या तबकड्या घेऊन कुणी उजेडातूनच संगीत काढू लागलं, की ते कालपरवाचं खूळ वाटतं. तसं ते मुळीच नाही.

समुद्राखालच्या तारेची चाचणी घेताना सेलेनियम हे मूलद्रव्य उजेडात जास्त वीज वाहू देतं, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ साली जाहीर केलं. १८८०मध्ये ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी त्याच सेलेनियमच्या जोरावर सूर्यकिरणांवरून माणसाचा आवाज २१३ मीटर पलीकडे पोचवला. बेल यांना हा शोध टेलिफोनहून मोठा वाटे.

पुढे ही युक्ती सिनेमाने उचलली. फिल्मच्या कडेला आवाजाची नागमोडी पट्टी छापलेली असे. प्रोजेक्टरमधल्या छोट्या दिव्याचा उजेड तिच्यातून फोटोसेलवर पडे आणि त्याच्या चढउताराची वीज होई. पणजी-मडगावच्या थिएटरांत आधीच्या पिढ्यांनी ऐकलेली बहुतेक गाणी अशी उजेडातूनच आली.

मग ती पट्टी हातानेच रेखाटली तर? १९३२च्या सुमारास जर्मनीत ऑस्कर फिशिंगर यांनी नक्षी काढून सूर मिळवले. माझ्या मते या इतिहासातला खरा चमत्कार मात्र रशियन अभियंता येवगेनी मुर्झिन यांचं ‘एएनएस’ हे वाद्ययंत्र. काळा लेप दिलेल्या काचेवर वादक ओरखडे काढतो, तिथून उजेड आरपार जातो आणि ७२० सुरांपैकी हवे ते वाजतात. तारकोव्हस्कीच्या ‘सोलारिस’ या सिनेमातले ते गूढ ध्वनी याच यंत्राचे.

आजच्या मंचावरचं सामान त्यापुढे अगदी साधं. सोलर सेलची तार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचा साधा बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो तो ऐकू येतो. हार्मोनियमवर लावून पाहिलं तर खर्जात, पांढरी पाचच्या किंचित वर. मंद करताना झपाट्याने चालू-बंद होणारा एलईडी शीळ घालतो. समईचं तसं नाही. तिची ज्योत इतकी सावकाश हलते की कानाला काहीच कळत नाही. म्हणून तिच्यासमोर एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे विजेला कमीजास्त अडवणारा छोटा भाग ठेवून, त्याच्या हाती ऑसिलेटरच्या, म्हणजे विजेतून सूर काढणाऱ्या मंडलाच्या, सुराची उंची देतात. ज्योत मोठी झाली की सूर चढतो, वाऱ्याने दबली की उतरतो.