शहराच्या हवेवरचं झाकण

प्रदूषणाचा जो आकडा आपण रोज वाचतो, तो जमिनीपासून काही मीटरवरच्या हवेचा असतो. त्याच्या वर शंभर, पाचशे, हजार मीटरवर काय चाललंय, हे कळल्याशिवाय खालचा आकडा नीट उलगडत नाही. पण वरची हवा मोजायची तर यंत्र वर न्यायचं कसं? हा सगळा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो.

१७४९ मध्ये ग्लासगोजवळ अलेक्झांडर विल्सन आणि थॉमस मेलव्हिल यांनी पतंगांना थर्मामीटर बांधून वरचं तापमान मोजलं. १८०४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक पॅरिसहून फुग्यातून सुमारे सात हजार मीटर उंच गेला. हवा काढून घेतलेली काचेची भांडी त्याने वर उघडली, भरली आणि खाली आणली. त्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवर होतं तेवढंच निघालं. घाण मोजणं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं, पण वरच्या हवेचा नमुना हातात आला होता.

१९३० च्या सुमारास फुग्यातून रेडिओने तापमान कळवणारी रेडिओसोंड आली. उंचीनुसार हवा गार होत जाते, पण कधी कधी मध्येच उबदार थर पसरतो आणि झाकणासारखा बसतो. यालाच तापमान विपर्यय म्हणतात. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर असंच झाकण बसलं. कोळशाचा धूर खालीच कोंडला आणि हजारो माणसं दगावली. थंडीमुळे कोळसा नेहमीपेक्षा जास्त जळत होता, पण खरी अडचण वेगळी होती. धूर पसरायला जागाच उरली नव्हती. साधा हिशेब करून पाहा: झाकण दीड हजार मीटरवरून दीडशेवर उतरलं, वारा पडला, तर तेवढाच धूर जवळपास दसपट दाट होतो. माझ्या मते या विषयात याहून महत्त्वाची गोष्ट नाही.

पुढे उंच मनोरे आले. बीजिंगमध्ये १९७९ पासून ३२५ मीटरचा हवामान मनोरा उभा आहे. अशा मनोऱ्यांवर वेगवेगळ्या उंचीवर एकाच वेळी मोजता येतं. त्यातून दिसलं की चढत्या उंचीला सगळंच कमी होत नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड रस्त्यालगतचा ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे ओझोन खाली कमी आणि वर जास्त सापडतो. नळीतून हवा खाली ओढायची तर वेगळीच डोकेदुखी: सूक्ष्म कण नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि खाली खरा आकडा पोचत नाही.

१९६० मध्ये लेसर आला आणि काही वर्षांतच लायडर. प्रकाशाचा झोत वर सोडायचा, कणांवरून परतलेला उजेड दुर्बिणीने टिपून मोजायचा. परतायला लागलेल्या वेळावरून उंची कळते. झाकण दर मिनिटाला वरखाली होताना दिसू लागलं. मात्र दमट हवेत कण फुगतात आणि धूर आहे त्याहून जास्त वाटतो. शिवाय अनेक लायडरना अगदी खालचे काहीशे मीटर धड दिसत नाहीत, कारण तिथे झोत दुर्बिणीच्या नजरेत पूर्ण आलेला नसतो. आणि माणसं राहतात ती नेमकी तिथेच.

ही फट आता दोरीने बांधलेले फुगे आणि ड्रोन भरून काढताहेत. ड्रोनची पाती हवा ढवळतात, म्हणून हवा घेणारी नळी दांडीवर बांधून पात्यांच्या वाऱ्यापासून लांब काढावी लागते.