ॲडव्हेंचर कोर्स आणि बेसिक कोर्स: फरक नेमका कुठे आहे

बारावीची परीक्षा संपत आली की रविवारी मुंब्र्याच्या कातळावर सरावाला येणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हिमालयातल्या गिर्यारोहण संस्थांच्या कोर्सबद्दल एक प्रश्न हमखास येतो. वाशीच्या एका काकूंनी यंदा तो थेटच विचारला, "आधी ॲडव्हेंचर, मग बेसिक, मग ॲडव्हान्स, असंच चढत जायचं असतं ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. संस्था तीच, गेट तेच, दोन्हीकडे दोर, हार्नेस (दोर अडकवायला कमरेला बांधायचा पट्टा) आणि हेल्मेट, शेवटी दोन्हीकडे छातीला बॅज आणि हातात प्रमाणपत्र. फोटो पाहून तर फरक सांगताच येत नाही.

पण काकूंना उत्तर "नाही" असं द्यावं लागलं. बेसिकला जायला ॲडव्हेंचर कोर्स केलेला असावा लागत नाही, आणि ॲडव्हेंचर कितीही उत्तम केला तरी त्यावर ॲडव्हान्सला प्रवेश मिळत नाही. ॲडव्हान्सचं दार फक्त बेसिकमधून उघडतं, तेही 'ए' ग्रेड मिळाली तरच. गिर्यारोहणात पुढे जायचं असेल तर ही एक गोष्ट फॉर्म भरण्याआधी माहीत हवी, कारण चुकीचा कोर्स निवडला तर कॉलेजची एक अख्खी सुट्टी जाते.

आधी संस्थांबद्दल थोडं. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली, म्हणजे तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाली आणि तिथल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जबाबदारी तेनसिंग नोर्गे यांच्याकडे होती. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ची. एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल तिथल्याच विद्यार्थिनी. मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था आहे, काश्मीरमध्ये पहलगामला एक आहे, अरुणाचलमध्ये दिरांगला एक. दार्जिलिंग आणि उत्तरकाशीला प्राचार्य सैन्यातले अधिकारी असतात आणि शिस्तही त्याच वळणाची. शिट्टी वाजली की फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर, ताट स्वतः घासायचं, वेळ म्हणजे वेळ. ही शिस्त दोन्ही कोर्सना सारखीच आहे, त्यामुळे "ॲडव्हेंचर म्हणजे सहल" असं समजून कुणी जाऊ नये.

ॲडव्हेंचर कोर्स साधारण दोन आठवड्यांचा असतो. त्यात कातळावर चढणं, रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), कृत्रिम भिंतीवरचा सराव, गाठी, तंबूत राहणं, एखादा चांगला ट्रेक आणि ठिकाणानुसार नदी ओलांडणं किंवा इतर खेळ असं बरंच काही थोडं थोडं करायला मिळतं. त्याचा हेतू ओळख करून देण्याचा आहे. डोंगरात राहणं आपल्याला झेपतं का, उंचीची भीती किती खरी आणि किती मनातली, घरच्या पांघरुणाशिवाय आणि फोनशिवाय आपण कसे वागतो, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला या दोन आठवड्यांत नीट कळतं. माझ्या मते ही कमाई लहान नाही. अनेक मुलांना एवढंच हवं असतं आणि त्यांच्यासाठी हाच कोर्स योग्य आहे. त्यांना उगाच "बेसिकच कर" म्हणून डिवचणारे दादा आपल्या क्लबांमध्ये असतात, त्यांचं ऐकू नये.

बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स उत्तरकाशी आणि दार्जिलिंगला २८ दिवसांचा, मनालीला २६ दिवसांचा. दिवस दुप्पट झाले म्हणून तो मोठा, असं मात्र नाही. इथे हेतूच बदलतो. ॲडव्हेंचर कोर्समध्ये दोर प्रशिक्षकाच्या हातात असतो, तुम्ही त्याच्या भरवशावर उतरता. बेसिकमध्ये काही दिवसांतच तो दोर तुमच्या हातात येतो आणि दुसऱ्या टोकाला तुमच्याच तुकडीतलं कुणीतरी असतं. तुकडीलाही तिथे 'रोप'च म्हणतात. पाच-सात अनोळखी माणसं, त्यात कुणी मणिपूरचा, कुणी सैन्यातला जवान, कुणी पुण्याची फिजिओथेरपिस्ट, आणि पुढचे २८ दिवस तुमचं सगळं त्यांच्याबरोबर.

कोर्सचे तीन भाग पडतात: कातळ, बर्फ आणि हिमनदी. कातळाचा भाग आपल्याकडच्या मुलांना फारसा जड जात नाही. मुंब्र्याच्या बेसाल्टवर ज्यानं हात घासून घेतलेत त्याला तिथे पकडी शोधायला वेळ लागत नाही. खरी परीक्षा पुढे असते. उत्तरकाशीची तुकडी डोकरियानी हिमनदीच्या परिसरात जाते, दार्जिलिंगची सिक्कीममध्ये युकसमहून चालत चौरीखांगला आणि तिथून राथोंग हिमनदीवर. पाठीवर २० किलोच्या आसपास सॅक. पायात प्लॅस्टिकचे जड बूट, ज्यात घोटा वळत नाही आणि पहिले दोन दिवस चालणंच नव्याने शिकावं लागतं.

तिथे काय शिकवतात ते कळायला एक सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवणं, पुरे. कडक बर्फाच्या उतारावर तुम्हाला मुद्दाम घसरायला लावतात. आधी पाय खाली करून, मग पाठीवर, मग डोकं उताराच्या दिशेला. घसरू लागलात की एका हातात आइस ॲक्सचं (बर्फातल्या कुऱ्हाडीचं) डोकं, दुसऱ्या हातात दांड्याचं खालचं टोक, ॲक्स छातीशी तिरकी आणायची, झटकन पोटावर वळायचं आणि छातीचा सगळा भार टाकून तिची चोच बर्फात रुतवायची. पायात क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दात) असतील अशा वेळी गुडघे वाकवून पावलं वर उचलायची, कारण वेगात असताना त्यांचे दात बर्फात अडकले तर माणूस उलटा फेकला जातो. वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात बर्फ हातमोज्यांतून मनगटापर्यंत शिरतो, कोपर सोलवटतात आणि वर उभे असलेले उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, शांतपणे म्हणतात, "फिर से." दिवसभर हेच. कारण खरोखर पाय निसटतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो, हातांना आपोआप आठवावं लागतं. आणि एकाच दोराला तीन-चार जण बांधलेले असताना तुम्ही थांबलात तरच बाकीचे थांबतात.

याच्या जोडीला हिमभेगेत पडलेल्याला वर काढणं, जुमार (दोराला पकडणारी खटकी) लावून दोरावर चढणं, बिले देणं (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं), नकाशा वाचणं, हिमस्खलन आणि हवामानावरची व्याख्यानं, लेखी परीक्षा. ग्रेड देताना ताकद आणि तंत्राबरोबर वागणुकीकडेही लक्ष असतं. रोज सगळ्यात पुढे पळणारा, पण मागे राहिलेल्या जोडीदाराची सॅक कधीही न उचलणारा मुलगा 'ए'विना परत आला की घरच्यांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही.

उंचीचा मुद्दा मी पालकांना मुद्दाम समजावून सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वोच्च ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर. ठाणे आणि नवी मुंबई तर खाडीकाठीच. म्हणजे सह्याद्री कोळून प्यायलेला मुलगाही उंचीच्या बाबतीत कोरा असतो. चौरीखांगसारखा बेस कॅम्प ४,००० मीटरच्या वर आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे बहुतेकांना होतं. त्याची तयारी ठाण्यात करता येत नाही, ती तिथेच, हळूहळू चढून आणि कधी वर जाऊन खाली झोपायला येऊन होते. शरीर किती कमावलेलं आहे याचा आणि उंची सोसण्याचा थेट संबंध नाही. जिममधला सगळ्यात दणकट मुलगा सगळ्यात आधी आडवा होऊ शकतो. त्रास लपवणं मात्र घातक. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागलं तर काही तासांत जिवावर बेततं आणि खरा उपाय एकच, खाली उतरवणं. ॲडव्हेंचर कोर्सचा मुक्काम सहसा इतक्या उंचीवर नसतो. दोन्हींतला हा फरक माहितीपत्रकातल्या दिवसांच्या आकड्यात दिसत नाही.

धोक्याबद्दलही सरळ बोलायला हवं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेची ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २५हून अधिक जण गेले. त्यात त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेल्या प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. उत्तम संस्था, अनुभवी माणसं, तरीही. हे सांगून कुणाला घाबरवायचं नाही, पण घरी आई-बाबांशी बोलताना हे टाळून परवानगी मिळवू नये.

मग एवढं करून मिळतं काय? ॲडव्हान्सचं दार उघडतं, हे झालंच. पण परत आलेल्या मुलांमध्ये मला दिसतं ते वेगळंच. असा मुलगा दुसऱ्याचा हार्नेस न सांगता तपासतो. पावसाळ्यात आसनगावजवळच्या माहुली किल्ल्यावर ढग उतरले की शिखराच्या आधी मागे फिरायचं सुचवणारा पहिला तोच असतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी जी बचावपथकं सह्याद्रीत रात्री-बेरात्री धावून जातात, तिथे लागतं ते हेच: शांत डोकं, पक्क्या गाठी आणि दुसऱ्याचा भार आपला मानणं. ॲडव्हेंचर कोर्स मुलाला डोंगराची गोडी लावतो. दुसऱ्याची जबाबदारी घ्यायला बेसिक शिकवतो, आणि ती दोन आठवड्यांत अंगी येत नाही.

आता तयारी. ॲडव्हेंचरसाठी महिनाभर रोज धावणं आणि शनिवार-रविवार येऊर किंवा खारघरच्या टेकड्या पुरेशा आहेत. बेसिकसाठी किमान तीन-चार महिने हवेत. पाम बीच रोडवर सपाटीला दहा किलोमीटर धावणारे पुष्कळ भेटतात, पण हिमालयात कामी येतं ते ओझं घेऊन चढणं. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढा, वर गेल्यावर पाणी झाडांना घाला आणि रिकाम्या सॅकने उतरा, म्हणजे गुडघे वाचतात. ओझं दर आठवड्याला थोडंथोडं वाढवा. महिन्यातून एकदा आसनगावला उतरून माहुली, पूर्ण सॅकसह. गाठी घरीच पाठ करा, फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच, प्रुसिक, आणि त्या डोळे मिटून व जाड हातमोजे घालून बांधून बघा.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांतल्या मुलांची अडचण वेगळी, सलग महिनाभर रजा मिळत नाही. प्रवास धरून बेसिकला पाच आठवडे लागतात. रजा तुटक मिळणार असेल तर ॲडव्हेंचर करा, पण बेसिकचं स्वप्न त्यावर भागवल्याचं समाधान करून घेऊ नका, पुढच्या वर्षीची रजा आत्ताच मागून ठेवा. जागा फार आधी भरतात. वयाची अट आणि शुल्क संस्थेगणिक वेगळं असतं, ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघावं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यावर नव्हे.

वैद्यकीय फॉर्म ओळखीच्या डॉक्टरांकडून नुसती सही घेऊन भरू नका. दमा, जुनी गुडघ्याची दुखापत, फिट्स, रक्तदाब, जे असेल ते लिहा आणि ईसीजी खरोखर काढा. तिथे तुमच्या दोराला बांधलेल्या माणसाला हे माहीत असण्याचा हक्क आहे.