सुबाभळीतील मिमोसिन आणि जोन्स यांचे संशोधन

मिमोसिन हे सुबाभळीच्या पाल्यात, कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत असणारे विषारी अमिनो आम्ल. या विषावर उतारा झाडात नसून जनावराच्या पोटात आहे, हे ऑस्ट्रेलियातील कुरणतज्ज्ञ रेमंड जोन्स यांनी दाखवून दिले. उष्ण कटिबंधातील द्विदल चाऱ्यावरच्या संशोधनात या कामाचे स्थान वेगळे मानले जाते.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. उष्ण प्रदेशातले गवत पावसाळा सरला की झपाट्याने निबर होते. त्यातली प्रथिने सुमारे सात टक्क्यांखाली गेली की कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) जिवाणूंचीच उपासमार होते. मग गवत कितीही असले तरी जनावर पोटभर खात नाही. अशा वेळी वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असलेला, खोल मुळांमुळे उन्हाळ्यातही हिरवा राहणारा सुबाभळीचा पाला उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात म्हणूनच सुबाभळीच्या ओळी आणि मधल्या पट्ट्यांत धामण गवतासारखे चाऱ्याचे गवत अशी कुरणे उभी राहिली. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत मार्क हटन यांनी तयार केलेला ‘कनिंगहॅम’ हा वाण १९७६ मध्ये प्रसारित झाला.

अडचण चरायला सोडल्यावर दिसू लागली. केवळ सुबाभळीवर राहिलेल्या जनावरांचे केस गळत, तोंडातून लाळ येत राही, भूक मंदावे आणि वजन घटे. केस गळतात कारण मिमोसिन केसांच्या मुळांशी चालणारे पेशींचे विभाजन रोखते. हा परिणाम इतका खात्रीचा की मेंढ्यांची लोकर कात्रीविना उतरवण्यासाठी मिमोसिन वापरता येईल का, याचेही प्रयोग तिकडे झाले. पुढचा त्रास अधिक छुपा होता. कोटीपोटातील नेहमीचे जिवाणू मिमोसिनचे ‘डीएचपी’ या संयुगात रूपांतर करतात आणि तिथेच थांबतात. डीएचपी अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कामात अडथळा आणते, ग्रंथी सुजते, गलगंड होतो.

पहिला उपाय सरळ होता : कमी मिमोसिनचे वाण तयार करा. तसे संकरही झाले, पण ते वाढीला कमी पडले. क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जोन्स यांनी मात्र उलट्या बाजूने विचार केला. हवाईत शेळ्या आणि गुरे पिढ्यान्‌पिढ्या हाच पाला खात होती, तरी त्यांना बाधा होत नव्हती. तिथल्या जनावरांच्या कोटीपोटात डीएचपी पचवणारे, ऑस्ट्रेलियात नसलेले जिवाणू असावेत, असे अनुमान त्यांनी १९८१ मध्ये मांडले.

पडताळा घेण्याची रीत आपल्याकडच्या विरजणाशी जुळणारी. इंडोनेशियातील शेळीच्या कोटीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियन शेळ्यांना दिल्यावर त्याही डीएचपी पचवू लागल्या. हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. हवाईतील शेळ्यांच्या जिवाणूंनीही तोच परिणाम साधल्याचे जोन्स आणि त्यांचे सहकारी मेगॅरिटी यांनी १९८६ मध्ये नोंदवले. हे जिवाणू हवा लागताच मरतात, त्यामुळे त्यांना नेणे-जपणे दह्याच्या विरजणाइतके सोपे नव्हते. पिष्ट आणि साखरेवर ते जगत नाहीत. डीएचपी आणि काही मोजकी अमिनो आम्ले एवढाच त्यांचा आहार. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मिल्टन ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या जिवाणूला ‘सिनर्जिस्टिस जोन्सिआय’ असे नाव दिले, जोन्स यांच्याच सन्मानार्थ.

पुढे क्वीन्सलंडमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेले हे विरजण पशुपालकांना मिळू लागले. कळपातील दर दहापैकी एका जनावराला पाजले तरी पुरते. बाकीच्यांत ते आपोआप पसरते. तरीही हा विषय तिथे संपला नाही. विरजण दिलेल्या काही कळपांच्या मूत्रातही नंतर न पचलेले डीएचपी सापडले. शिवाय काही जनावरांचे यकृत डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जोडून निरुपद्रवी करते, असेही पुढच्या संशोधनातून दिसले. म्हणजे सगळे श्रेय एका जिवाणूला देणे घाईचे ठरेल.

महाराष्ट्रात सुबाभूळ पोचवण्यात उरुळीकांचनच्या बायफ संस्थेचा मोठा वाटा. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने सत्तरच्या दशकापासून हवाईतील ‘के-८’ वाणाचा प्रसार केला. इथे मात्र सुबाभळीच्या कुरणात गुरे मोकळी सोडण्याची पद्धत रुजली नाही. बांधावरच्या फांद्या छाटायच्या, शेळ्यांपुढे टांगायच्या, गाई-म्हशींना कडब्यात किंवा संकरित नेपिअर गवतात मिसळून द्यायच्या, असा शिरस्ता. एकूण चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, हा सल्लाही ठरलेला. त्यामुळे विषबाधेचा प्रश्न इथे तितका तीव्र झाला नाही.

घोडा, डुक्कर आणि कोंबडी यांना कोटीपोटच नसल्याने हा उतारा त्यांच्या कामाचा नाही. सुबाभूळ खाल्लेल्या घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. कोंबडीच्या खाद्यात वाळलेल्या पाल्याची भुकटी अगदी थोडी घालतात, ती प्रामुख्याने बलकाला पिवळा रंग यावा म्हणून.