चाई की गजकर्ण?

शाळेच्या गडबडीत मुलीची वेणी घालताना भांगाशेजारी रुपयाएवढी जागा मोकळी दिसते आणि आईच्या पोटात धस्स होतं. घरातलं कुणी म्हणतं, "चाई पडलीय, किडा लागला. कांदा चोळ." कुणी गुंज उगाळून लावायला सांगतं. गुंजेत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. मुलांच्या डोक्यावर ती चुकूनही लावू नका.

चाईत किडा नसतोच. जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच टी-पेशी केसांच्या मुळांवर तुटून पडतात. मूळ मरत नाही, काम थांबवतं. म्हणून ती जागा हाताला गुळगुळीत लागते, कोंडा नसतो. कडेचे काही आखूड केस भिंगाखाली वर जाड आणि त्वचेपाशी निमुळते दिसतात, हुबेहूब उद्गारचिन्ह! त्वचारोगतज्ज्ञ मुलाची नखंही बघतात, कारण चाईत त्यांवर बारीक खड्डे पडू शकतात.

डोक्यातलं गजकर्ण म्हणजे बुरशी. ती केसात शिरते, केस ठिसूळ होऊन त्वचेलगत तुटतात आणि काळे ठिपके उरतात. पापुद्रे सुटतात, खाज येते, कधी मानेमागे गाठी येतात. एकमेकांचे कंगवे, टोप्या वापरल्याने ती पसरते. बुरशी मुळाशी दडलेली असल्याने नुसत्या मलमाने भागत नाही. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन कित्येक आठवडे पोटात घ्यावं लागतं.

खरी मेख इथे आहे. चाईवर बहुतेकदा स्टिरॉइडचं मलम देतात. तेच गजकर्णावर लावलं तर लाली, खाज दबते आणि बुरशी आत फोफावते. म्हणून औषधाच्या दुकानातून अंदाजाने ट्यूब आणू नये, असं मी अगदी कळकळीने सांगते. तुटके केस आणि पापुद्रे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की बुरशीचे धागे बहुधा तिथल्या तिथे दिसतात.

टायफॉइड, डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्याच डोक्यावरचे केस विरळ होतात, ते परत येतात. मूल स्वतःच केस उपटत असेल तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

दवाखान्यात नेण्याआधी गोटा मात्र करू नका. निदान त्या तुटक्या केसांतच असतं. चाईचे लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात भरतात. नवे केस सुरुवातीला पांढरे येऊ शकतात, तेव्हा घाबरू नका. रंग बहुधा मागाहून येतो.